बूर्स्मांचे डोळे

फ्रीसलंड या डच प्रांतातल्या, समुद्राच्या बांधालगतच्या एका गावात रेन्स्के व्हिसरला न घाबरणारी माणसं एकाच वयाची होती: जन्मापासून आठ दिवसांपर्यंतची. बाकी सगळे तिला टरकून असत. एकतीस वर्षं ती बाळंतिणींच्या घरी मदतीला जात होती. आठ दिवस सकाळी साडेआठला हजर. बाळाचं वजन, ताप, दूध, लंगोट, बाळंतिणीचे टाके, शिवाय घर झाडायचं आणि बघायला येणाऱ्यांना कॉफी द्यायची. कॉफीबरोबर बाळ झाल्याचा रिवाज म्हणून गोल टोस्ट, त्यावर लोणी आणि बडीशेपेच्या रंगीत गोळ्या. मुलगा असेल तर निळ्या. माणशी एक टोस्ट. दुसऱ्यासाठी हात पुढे आला की रेन्स्के डबा बंद करी, आणि पाहुणे रेंगाळले की व्हॅक्यूम सुरू करून सरळ त्यांच्या पायांत घाली. त्या आवाजावर आमदारसुद्धा उठून गेला होता म्हणतात.

जीभही तशीच. "पडदे मळलेत तुमचे," हे ती कोट काढायच्या आधी सांगून मोकळी होई. मनात काही ठेवायचं ही सवयच नव्हती. म्हणून बूर्स्मांच्या घरी तिने एक गोष्ट आई-बापाला न सांगता चक्क चार दिवस मनात ठेवली, तेव्हा तिचं तिलाच अपचन झाल्यासारखं वाटू लागलं.

बाळाचं नाव वीबे. आई मारलूस, बाप येल्मर, दोघंही तिशीच्या आतले आणि झोपेविना अर्धमेले. पहिल्याच सकाळी रेन्स्केने वीबेला उचललं आणि तो तिच्या हातांतून जणू ओघळला. इतकं सैल अंग. मानेमागे जाड कातडी, डोळे वर तिरपे गेलेले, पायाच्या अंगठ्याशेजारी रुंद फट, तळहातावर आडवी एकच रेघ. शिवाय चार घोट दूध प्यायला की घाम फुटायचा आणि झोपून जायचा.

तिने सुइणीला सांगितलं. सुईण तरुण, पण नीट बघणारी. तिने बाळ बघितलं, मग भिंत बघितली. भिंतीवर बूर्स्मांच्या चार पिढ्या टांगलेल्या होत्या आणि चारही पिढ्यांचे डोळे वर तिरपे गेलेले होते.

"घराण्याचेच दिसतात गं," सुईण म्हणाली. "वजन बघू अजून दोन-चार दिवस."

पाचव्या दिवशी वजन आणखी उतरलं. रेन्स्केने येल्मर-मारलूसला स्वयंपाकघरात घेतलं, दार लावलं. बाहेर बैठकीत अकरा पाहुणे गोल बसून टोस्ट कुरतडत होते.

"बसा दोघं. मी डॉक्टर नाही, रोगाचं नाव सांगायचा मला हक्क नाही. पण डोळे आहेत मला. ह्याचे डोळे, मान, पायाच्या अंगठ्याशेजारची फट, तळहाताची रेघ, ह्या डाउन सिंड्रोमच्या खुणा दिसतायत. असेल किंवा नसेल. रक्त तपासल्याशिवाय देवालाही सांगता यायचं नाही. पण अशा निम्म्या बाळांच्या हृदयात काहीतरी असतं, आणि हा दूध पिताना दमतोय. आज दवाखान्यात न्यायला हवं."

त्यावर आधी बोलले ते सीत्सेआजोबा. येल्मरचे वडील, गावच्या स्केटिंग मंडळाचे माजी अध्यक्ष. ते शेजारच्या संडासात होते, आणि मधली भिंत पातळ होती.

"खुणा?" ते पट्टा आवळत बाहेर आले. "कसल्या खुणा? बूर्स्मा आहे तो! आणि काल टाचेतून रक्त काढलं की त्याच्या. सगळं तपासतात त्यात."

"सगळं नाही तपासत, आजोबा. हे तर नाहीच. त्याला वेगळं रक्त, वेगळी तपासणी."

"पाय बघ म्हणे! चल, दाखवतो तुला पाय!"

आणि ते बैठकीत जाऊन, अकरा माणसांसमोर, खुर्चीत बसून मोजे काढू लागले.

"ही फट बघ! ह्याच पायांवर स्केटिंगचे आठ कप आणलेत मी. माझ्या बापाला होती. योहाना, काढ गं मोजा!"

योहानाआत्याने मोजा काढला. फट होती. मग चुलत्याने काढला, त्याच्या मुलीने काढला. पाच मिनिटांत खोलीत वीसेक अनवाणी पाय झाले आणि लोकरीच्या मोज्यांचा असा वास सुटला की टोस्ट खाली ठेवावे लागले. कुणीतरी तळहाताचा विषय काढला, तर चुलत्याच्या डाव्या हातावर खरंच आडवी एकच रेघ निघाली! टाळ्या पडल्या. एक शेजारी तर, बूर्स्मांशी लांबचंही नातं नसताना, स्वतःचे पाय दाखवत होता.

रेन्स्के हसली नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेकाचे पाय, हात, माना मंडईत भाजी निवडावी तशी तपासत गोलभर फिरली. मग उठली.

"खरंय. आत्याला फट आहे, रेघ नाही. चुलत्याला रेघ आहे, मान सडपातळ. आजोबा, तुम्हाला डोळे आणि पाय. एक-दोन खुणा कुणाच्याही अंगावर निघतात, त्याने काही होत नाही. तुम्हा सगळ्यांत मिळून जेवढं आहे, तेवढं ह्या एकट्या पोराने गोळा केलंय. आणि तुमच्यातला एकही चार घोट कॉफीला दमत नाही."

दारातून मारलूसचा आवाज आला. "पहिल्या रात्रीपासून मला वाटतंय. पण सगळे म्हणत होते, डोळे आमचे, डोळे आमचे. मला वाटलं मीच वाईट आई आहे." ती रडू लागली. "येल्मर, गाडी काढ."

रेन्स्केने आधी सुइणीला फोन लावला, मग दवाखान्याची पिशवी भरली. आजोबाही गाडीत बसले. घाईत एकाच पायात मोजा. तिथे रक्त काढायला परिचारिका आली, तर ह्यांनी बाही वर केली होती.

"तुमचं नकोय, आजोबा."

"घे. घराण्याचं आहे, उपयोगी पडेल," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

निकाल आला. डाउन सिंड्रोमच. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. हृदयात छिद्र होतं. औषध दवाखान्यात नेलं त्याच दिवशी सुरू झालं होतं, शस्त्रक्रिया चार-पाच महिन्यांनी, आणि ती बहुतेक बाळांना चांगली मानवते असं डॉक्टर म्हणाल्या. अजून उशीर झाला असता तर, एवढं वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.

बाळ घरी आलं त्या दिवशी रेन्स्के पुन्हा गेली. तिचे आठ दिवस केव्हाच संपले होते. बैठकीत गोल मांडलेल्या खुर्च्या रिकाम्या, निळ्या गोळ्यांचा नवा डबा न उघडलेला. खिडकीबाहेरून लोक खाली बघत झपाझप जात होते. अभिनंदन करायचं की सांत्वन, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं, म्हणून कुणीच येत नव्हतं.

रेन्स्केने कोट काढला आणि गावच्या रीतीप्रमाणे एकेकाचा हात हातात घेत अभिनंदनाची फेरी सुरू केली. "मारलूस, मुलाबद्दल अभिनंदन. येल्मर, अभिनंदन. आजोबा, नातवाबद्दल अभिनंदन."

आजोबांनी तिचा हात सोडला नाही. "रेन्स्के, तू खरं तेच बोलतेस. त्याचे डोळे... आमचे, की त्या सिंड्रोमचे?"

तिने वीबेला बघितलं, भिंत बघितली, आजोबांना बघितलं. "मला नाही सांगता येत," ती म्हणाली. एकतीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "दोन्हीकडून आले असतील."

आजोबांनी नाक पुसलं, उठले, आणि पुढचं दार सताड उघडून रस्त्यावर ओरडले. "ए योहाना! कुठे पळतेस मान खाली घालून? नातू झालाय मला! ये, अभिनंदन कर, टोस्ट खा! आणि त्या शेजाऱ्यालाही आण, त्या पायवाल्याला!"

पाऊण तासात खुर्च्या भरल्या. आजोबा दारातच प्रत्येकाचा हात धरून ठेवत होते आणि अभिनंदन ऐकल्याशिवाय सोडत नव्हते. कुणी दुसरा टोस्ट घेतला, कुणी तिसरा. दीड तास झाला तसे सगळे सवयीने रेन्स्केकडे बघू लागले. ती उठली, कपाटातून व्हॅक्यूम काढला, वायर हातात घेतली. मग वीबेकडे बघितलं. तो योहानाआत्याच्या मांडीवर बाटलीतून दूध पीत होता, सावकाश, थांबत थांबत, पण पीत होता. रेन्स्केने वायर पुन्हा गुंडाळली आणि गोळ्यांचा आणखी एक डबा फोडला.