ही जागा आधी कोणाची?

शाळेतून निवृत्त झाले आणि मला चिंचणीचा इतिहास लिहायची हुक्की आली. राजे-किल्ल्यांचा नाही. आमच्या आळीत कोण कोण राहून गेलं, कोणाच्या होड्या होत्या, एवढाच. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून घरोघर फिरायला लागले, तर मला लहानपणापासून ओळखणाऱ्या बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. "हे कशाला गं हवं तुला?" आता गं बाई! माझ्याच आळीत मी परकी?

माझा प्रश्नच नडत होता. 'ही जागा आधी कोणाची?' किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या दांड्या जिथे रोवतात, त्या जागेला आमच्याकडे कागद नसतो. ज्याच्या दांड्या उभ्या, त्याची जागा. आधी कोणाची होती, ते कोणी उकरून काढत नाही. काढलंच, तर त्याच्या मनात काहीतरी आहे असं सगळे धरून चालतात.

एकटा माझा चुलतभाऊ भलताच खूश. हा तलासरीला हायवेलगत जमिनींची दलाली करतो, जन्मात पुस्तक उघडलं नसेल. पण डहाणू रोडवरून माझ्यासाठी खारी आणायला लागला. "ताई, काकीच्या जागेचं काय कळलं?" फिरून फिरून तेच. काकी म्हणजे आमच्या शेजारची विधवा म्हातारी. तिच्या दांड्या अगदी रस्त्याला लागून. सुक्या बोंबलांवरच तिचं पोट. कोणी रिसॉर्टवाला ती पट्टी बघून गेल्याचं कानावर आलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काय रे, तुला तिच्या जागेशी काय करायचंय?"

"मला? छे! इतिहास गं, ताई." आणि हसला. मेल्याला इतिहासाचा एवढा पुळका कधीपासून?

काकीला सावध करायला मी किनाऱ्यावर गेले. ती बोंबलाच्या तोंडात बोंबलाचं तोंड अडकवून जोड्या दांडीवर टाकत होती. मी भावाचं सगळं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"आणि तू कोणाच्या बाजूची?"

मला रागच आला. "काकी, माझ्यावर पण संशय?"

"का नको? जागा तुमचीच ना." तिचे हात थांबले. "तुझ्या आजोबांच्या दांड्या होत्या इथे. माझा नवरा समुद्रात गेला त्या वर्षी त्यांनी आपल्या उपटल्या आणि माझ्या रोवून दिल्या. ते पाहिलेलं आता कोणी उरलं नाही. मला एकटीला माहीत होतं." तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं. "आता त्यालाही."

सवयीने मी रेकॉर्डिंग चालूच ठेवलं होतं. तिच्यासमोर ते पुसलं, स्क्रीन दाखवली. पण तिला वाचता कुठे येतं! "पुसलं काकी, देवाशपथ!" ती पुन्हा बोंबलांकडे वळली.

संध्याकाळी भाऊ आला. "तिच्याच सासऱ्याची जागा, पहिल्यापासून," मी ठणकावलं. इतिहास लिहायला निघालेली मी, तोंडावर धडधडीत खोटं बोलले, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. तो चहासुद्धा न घेता गेला.

दुसऱ्या दिवशी काकीला सांगायला गेले. ती दांड्यांच्या मधोमध खाट टाकून बसली होती. उशाला पाण्याचा तांब्या, पायाशी गोधडी.

"काकी, घरी जा. तो आता येणार नाही."

"त्याच्यासाठी नाही गं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी बसलेय."