जानराव वस्तादांचा चुकलेला पोळा

वलगावच्या जानरावांना दोन वेडं होती, एक घराचं आणि दुसरं हाकीचं. त्यांची बायको जमुना म्हणायची, "दारूचं असतं तर सोडवता तरी आलं असतं, बाई!"

हंगामात ते सायकलने अमरावतीला कापसाच्या जिनात कामाला जात, बाकीचे महिने वावरात. वाटेत एका मैदानावर पोलिसांचे शिपाई हाकी खेळत. जानराव सायकलला टेकून पाहत राहायचे, अन् पाहता पाहता शिकले. मग गावातल्या पोरांना शिकवायला लागले. काठ्या विकत कोण घेणार? बाभळीची ओली फांदी विस्तवावर शेकायची, वाकवायची, दोरीने बांधून वाळू द्यायची. चेंडू बांबूच्या मुळीचा. कुस्तीच्या वस्तादाला गावात जो मान असतो, तोच मान पोरांनी जानरावांना दिला.

पण घर सोडून खेळ नाही. सकाळी तिन्ही पोरींच्या वेण्या तेच घालत, आणि जमुनेपेक्षा सरळ भांग पाडत. जमुना हे कबूल करीत नसे, एवढंच. धाकटी शकुन तर त्यांच्या खांद्यावरच मोठी झाली. खांद्यावर पोर, तोंडात शिट्टी, असे ते मैदानभर धावत. पोरगी झोपली की शिट्टी बंद, मग हातवाऱ्यांवर खेळ चाले. "हळू रे लेकहो, शकुन झोपली!" असं म्हणणारा वस्ताद साऱ्या वऱ्हाडात दुसरा नसेल.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले. अकोल्याचे बापूसाहेब वकील दर साली हाकीचे सामने भरवत. एका उन्हाळ्यात त्यांनी जानरावांना विचारलं, "गावाकडची पोरं आणता का? सप्टेंबरच्या मध्यावर." जानरावांनी बोटं मोजली. पोळा ऑगस्टात आटोपतो, म्हणजे पोरं मोकळी. "आणतो," म्हणाले. शब्द दिला.

आता त्या साली श्रावण आले दोन. आधी अधिक, मग खरा. पोळा खऱ्या श्रावणाच्या अमावस्येला, हे वलगावात लहान लेकराला ठाऊक. जानरावांनी पहिलीच अमावस्या पोळ्याची धरली होती! सामना आला तो बरोबर पोळ्याच्या दिवशी.

गाव हसून हसून लोळलं. "शेतकऱ्याचा पोरगा अन् पोळा चुकला! चेंडूमागं लागलं की असंच होते."

पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. पोळ्याला बैल सजवून तोरणाखाली न्यायचा मान घरच्या कर्त्या पोराचा. बाप एकदा कासरा पोराच्या हाती देतो, तो पुन्हा धरत नाही, पारावर बसून पाहतो. संघातली सगळी पोरं अशी कासरा धरणारीच. त्यांनी जायचं कसं? जानरावांचे वडील चंद्रभानबुवा यांनी तर पोराशी बोलणंच सोडलं.

जानराव अकोल्याला गेले, दिवस बदला म्हणून हात जोडले. बापूसाहेब म्हणाले, "अहो जानराव, पोळा कधी हे तुम्ही आम्हाला सांगायचं, की आम्ही तुम्हाला? आता सगळ्यांना कळवून झालंय. तुम्ही आला नाहीत, तर खेड्यातला संघ पुन्हा कोणी बोलावणार नाही."

घरी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोरींच्या वेण्याही वाकड्या घातल्या. तेव्हा जमुनेला कळलं, दुखणं मोठं आहे.

"शकुनची माय, मी जातच नाई," ते म्हणाले. "बा तिकडं तोंड फिरवून बसला. पोरायच्या घरी मी कोण्या तोंडानं सांगू?"

"तुमी सांगूच नका," जमुना म्हणाली. "तुमच्यानं अमोशा मोजणं होत नाई, बोलणं काय होईल!"

तिने डोक्यावर पदर घेतला आणि सासऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "मामाजी, यंदा कासरा तुमी धरा."

"दिला कासरा वापस घेत नसतात."

"वापस कोण देऊन राहिलं? एका दिसाचा सांभाळाचा आहे. अन् दर पोळ्याले पारावर बसून तुमी म्हातारे साऱ्यायच्या बैलायले नावं ठेवता. ह्याचं शिंग वाकडं, त्याची झूल मळकी, पोट्ट्याले धरताच येत नाई. मंग दाखवा ना एकडाव धरून!"

बुवा उठले. काठी घेतली अन् पाराकडे गेले. तिथे काय बोलणं झालं देव जाणे, पण संध्याकाळच्या आत घरोघरचे म्हातारे आपली पागोटी झटकायला लागले. जणू वाटच पाहून राहिले होते.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," असं त्यांना सांगतात. बुवांनी दोन्ही बैलांचे खांदे मळले. वाटीत थोडं तूप उरलं. जानराव खाली मान घालून बाजूला उभे होते. बुवांनी त्यांची बंडी सरकवली आणि उरलेलं तूप त्यांच्या खांद्यावर चोळलं.

"बैलायले उद्या सुट्टी," ते म्हणाले. "जुपाचं तुलेच आहे."

इतक्या दिवसांनी बाप बोलला, तो असा. जानरावांनी डोळे पुसले. चुलीचा धूर गेला असेल, असं जमुनेने समजून घेतलं.

पोळ्याला गाडी जुंपत नाहीत. पहाटेच वस्ताद आणि पोरं काठ्या खांद्यावर टाकून अमरावतीपर्यंत पायी गेली, पुढे आगगाडीने.

इकडे गावात म्हातारे लहान पोरांसारखे भांडले, कोणाचा बैल पुढे म्हणून. तोरण तुटलं, वाजंत्री कडाडली, तसा बुवांचा बैल उधळला. जमुना पदर खोचून मागे धावली. आपणच म्हाताऱ्याला पुढे घातलं! पण बैल पळाला तो पुरणपोळीच्या वासावर, सरळ घराकडे. मागे कासऱ्याला लोंबकळत बुवा, पागोटं एकीकडे, धोतर एकीकडे. दारात येऊन धापा टाकत म्हणाले, "पाह्यलं? सोडला नाई!"

पोरं दुसऱ्या दिवशी दुपारी परतली, गुडघे सोललेली. एका गोलाने हरली होती. पण बापूसाहेबांनी पुढच्या सालचं बोलावणं तिथल्या तिथेच दिलं होतं.

जानराव बापाजवळ जाऊन बसले. "बा, पुढच्या साली पंचांग पाहूनच दिवस घेतो. पोळ्यावर येऊ देत नाई."

"काहून?" बुवा आपलं दुखरं मनगट चोळत म्हणाले. "पोळ्यालेच घे."