समाधानचा सिनेमा

आमच्या चाकणच्या खोलीत समाधान राहतो. परभणीकडचा पोरगा, कंपनीत कंत्राटावर. आमच्या गावात भाडेकरूला नावानं कोण हाक मारतंय? ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. याला सगळे ‘ए परभणी’ म्हणतात.

पुण्याच्या पोरांनी सिनेमा काढला. गाव सोडून आलेला एकजण स्वतःला शोधत हिंडतो, असली गोष्ट. समाधान म्हणे ‘खरा’ वाटतो, म्हणून त्यालाच घेतलं. शिफ्ट बदलून बदलून त्यानं काम केलं. निगडीला एका हॉलात सिनेमा दाखवला, तेव्हा त्यानं गावाहून आईला बोलावलं, मलाही नेलं. इथं लेकाला माणसं ओळखतात, एवढंच त्याला आईला दाखवायचं होतं.

पडद्यावर समाधानच होता. पण तोंड उघडलं की आवाज दुसऱ्याचा, पुणेरी. शूटिंगला हा म्हणाला होता, “मी येऊ लालो, माय.” तिथं ऐकू आलं, “मी येतोय, आई.”

त्याची आई, गयाबाई, मला म्हणाली, “बाई, लेकरू तर माझंच हाय. बोलू लालंय कोण?”

समाधाननं डायरेक्टरला गाठलं. तो म्हणाला, “भावा, तुझी भाषा लोकांना कळली नसती.”

मी म्हणलं, “मला बरी कळती! नळाला पाणी न्हाई म्हणून रोज त्याच भाषेत भांडतो की माझ्याशी.”

सगळे हसले. समाधान हसला न्हाई. तेवढ्यात त्याला दोन शब्द बोलायला वर बोलावलं. माईक हातात आला आणि पोरगा त्या पडद्यावरच्यासारखंच गुळगुळीत बोलायला लागला.

गयाबाईनं पिशवी उचलली आणि त्याचं बोलणं संपायच्या आत बाहेर जाऊन उभी राहिली.