समोरच्या फुटपाथवरची आत्या

माझी आत्या रागावली की आवाज चढवत नसे. तिचा आवाज खाली यायचा, शब्द कमी व्हायचे, आणि आम्हा भाचरांना त्या हळू आवाजाचीच धास्ती असायची. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीने तिच्या कुंड्या न विचारता गच्चीवर नेऊन ठेवल्या. तो स्वतःचा फ्लॅट विकून जाईपर्यंत ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. तो निरोप घ्यायला आला तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "कुंड्या खाली आणून ठेवल्यात? बरं. मग या."

ती म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलातून सिस्टर म्हणून रिटायर झाली होती. मुलुंडला आमच्या गल्लीत भाजीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे तिला सिस्टरच म्हणत. कुणाला ताप आला की आधी तिच्याकडे यायचे, आणि ती आल्याआल्या गोळी द्यायची नाही. ताप सकाळी चढतो की संध्याकाळी? थंडी वाजते? लघवीला जळजळतं? "ताप म्हणजे आजार नव्हे रे," ती म्हणायची, "ताप ही तक्रार आहे. तक्रार कोण करतंय ते आधी शोधायला नको?"

तिचे यजमान, आमचे अण्णा, तिच्या अगदी उलट. हसरे, गप्पिष्ट, दिसण्याच्या बाबतीत थोडे हौशी. रोज सकाळी दाढी, मिशीला कात्री, इस्त्रीचा शर्ट, आणि मग नाक्यावरच्या कट्ट्यावर पेपर. त्यांची दुसरी हौस म्हणजे त्यांची जुनी पांढरी गाडी. तिच्यातून ते दर शिमग्याला गावी जायचे. तीच गाडी एका वर्षी तापायला लागली. काटा लाल रेघेला टेकायचा आणि बोनेटमधून वाफ यायची.

त्याच नाक्यावर, कट्ट्याला लागून, किशोरचं गॅरेज होतं. किशोरने बोनेट उघडलं, मान हलवली आणि सांगितलं, "हेडचं गॅस्केट गेलंय अण्णा, आतलं पॅकिंग. इंजिन खोलावं लागेल." आठवडाभर गाडी ठेवून घेतली, इंजिन खोलल्याचे पैसे लावले. परत आणली, तरी तापायची. मग रेडिएटर बदलला, तरी तापायची. शिमग्याला निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी त्याला पुन्हा विचारलं, तेव्हा आत्या शेजारीच उभी होती. किशोर म्हणाला, "बिनधास्त जावा. काटा वर गेला तर थांबा, झाकण काढून पाणी ओता, पुढे चला."

घाटात काटा वर गेला. अण्णा थांबले आणि सांगितल्याप्रमाणे त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी कारंज्यासारखं त्यांच्या तोंडावर आलं.

डोळा वाचला. पण उजव्या गालाची कातडी पांढरट, ओढल्यासारखी झाली आणि मिशी त्या बाजूला पुन्हा उगवली नाही. आत्याने आयुष्यभर भाजलेली माणसं पाहिली होती. तिने महिनोन् महिने अण्णांचं ड्रेसिंग घरीच केलं आणि त्यांना उभं केलं. मग एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून अण्णा कट्ट्यावर गेले आणि दहा मिनिटांत परत आले. पुन्हा कधी गेले नाहीत. काय झालं ते आत्याने भाजीवाल्याकडून काढून घेतलं. किशोर गिऱ्हाइकांना चहा पाजत गोष्ट सांगत होता, "गरम इंजिनचं झाकण कोण उघडतं यार? आपले अण्णा! अर्धी मिशी ठेवून आले!" आणि सगळे हसत असताना अण्णा मागे उभे होते.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "ह्याला मी सोडणार नाही." आवाज अगदी हळू होता.

ती भांडायला गेली नाही. गाडी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये झाकून ठेवलेली होती, तिचं आवरण तिने काढलं. ठाण्याला तिच्या एका जुन्या पेशंटचं वर्कशॉप होतं. त्याला तिने घरी बोलावलं आणि पेशंटला विचारायची तसे प्रश्न विचारले. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला बरी चालते, तर कुठे बघायचं? पंख्याकडे. हायवेलाच तापते तर? रेडिएटर तुंबलेला असेल. रेडिएटरचा वरचा पाइप चटका देतो आणि खालचा थंड, म्हणजे? म्हणजे पाणी फिरत नाही, थर्मोस्टॅट अडकलाय. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार, इंजिन गरम झालं की आपोआप उघडणारं. अण्णांच्या गाडीचा वरचा पाइप चटका देत होता आणि खालचा थंड होता.

ठाण्याच्या माणसाने काढून दिलेला तो थर्मोस्टॅट लिंबाएवढा होता. आत्याने तो चहाच्या पातेल्यात टाकून गॅसवर ठेवला. आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. पाणी खळाखळा उकळलं, पण दार काही उघडलं नाही.

"ही तक्रार होती," ती म्हणाली. "एवढीशी."

मग ठाण्याच्या माणसाने इंजिनच्या हेडचे बोल्ट दाखवले. त्यांच्यावर कंपनीचा रंग जसाच्या तसा होता, कुठे पान्याचा ओरखडासुद्धा नव्हता. इंजिन कधी खोललंच नव्हतं. आत्याने बोल्टवरून बोट फिरवलं, साडीला पुसलं आणि चहा ठेवायला वर गेली.

पुढच्या रविवारी ती किशोरच्या गॅरेजसमोरच्या फुटपाथवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली. छत्री, टॉर्च, जाडजूड फडकं आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत: 'इंजिन तापतं? आधी इथे विचारा. फुकट.'

लोकांना आधी गंमत वाटली. मग एक टॅक्सीवाला थांबला. आत्याने विचारलं, "कधी तापते? सिग्नलला?"

"हां, सिग्नललाच. चालू असली की बरी असते."

"इंजिन चालू ठेव. आता बघ, काटा वर गेला तरी पंखा फिरतोय का? नाही ना? पंख्याचं कनेक्शन बघायला सांग. कुणी इंजिन खोलायचं म्हणालं तर गाडी उचल आणि चालू लाग."

टॅक्सीवाला रस्ता ओलांडून किशोरकडे गेला आणि मोठ्याने म्हणाला, "शेठ, पंख्याचं कनेक्शन बघा. बाकी कशाला हात लावू नका." मी तेव्हा आत्याला डबा द्यायला गेले होते. तिच्या चेहऱ्यावर आलेलं समाधान मी त्याआधी फक्त तिच्या पेन्शनच्या दिवशी पाहिलं होतं.

ती दर रविवारी बसली, मग गुरुवारीही बसायला लागली. ज्याचं गॅस्केट खरंच गेलं असेल त्याला ती तसं स्पष्ट सांगायची आणि ठाण्याचा पत्ता द्यायची. प्रत्येकाला एक वाक्य मात्र न चुकता: "गरम इंजिनचं झाकण उघडू नका. समोरचा उघडायला सांगेल. त्याचं ऐकून माझ्या नवऱ्याचं तोंड भाजलं." हे ती समोर ऐकू जाईल असं म्हणायची.

एकदा किशोर तणतणत आला. "काकी, काय लावलंय हे? माझ्या दुकानासमोर?"

"फुटपाथ तुझा आहे?"

"माझी वाट लावताय तुम्ही!"

"हो," आत्या म्हणाली. "तेच करतेय."

शेवटी तो घरी आला, पेढे घेऊन. अण्णा खिडकीशी बसले होते, नेहमीसारखे उजवा गाल भिंतीकडे करून. किशोर त्यांच्या पाया पडला. चुकलं म्हणाला, इंजिन खोललं नव्हतं हेही कबूल केलं. अण्णा म्हणाले, "जाऊ दे रे. बस, चहा घे." आत्याने चहा आणला. तो त्याला पिऊन होऊ दिला. मग म्हणाली, "चहा अण्णांचा होता. मला माफी इथे नको. जिथे हसलास तिथे, गिऱ्हाइकांसमोर हेच बोल."

"काकी, असं बोललो तर धंदा बसेल माझा."

"अण्णा बसलेत ना घरात?"

किशोर मान खाली घालून निघून गेला. नाक्यावर तो काही बोलला नाही, आणि आत्याने खुर्ची हलवली नाही. अण्णा रात्री तिला म्हणाले, "मी माफ केलंय गं त्याला." ती म्हणाली, "तुम्ही करा. तुमचा स्वभाव आहे."

पुढच्या दिवाळीआधी गॅरेजचं शटर पडलं. किशोर बदलापूरकडे गेला म्हणे. आत्या त्या दिवशी दुपारीच घरी आली, हात धुतले आणि अण्णांसमोर त्यांचा इस्त्रीचा शर्ट ठेवला. "चला. आता कुणी नाही तिथे." अण्णांनी शर्टाकडे पाहिलं, बाहीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "उद्या जाऊ." ते उद्या गेले नाहीत, परवाही नाहीत. दोन वर्षांनी वारले, तेव्हा कट्ट्यावरचे सगळे त्यांच्या घरी आले होते.

त्यानंतर मी तिला एकदा धीर करून विचारलं. ती मटार सोलत होती. "आत्या, जरा जास्त झालं का गं किशोरचं?"

तिने हात थांबवला नाही. "त्याचं दुकान गेलं तरी अण्णा खाली उतरले नाहीत. मला वाटलं होतं, उतरतील." तिने आणखी एक शेंग फोडली. "पण जास्त? छे. मला फार बरं वाटलं."

गेल्या वर्षी ती स्वतःच हॉस्पिटलात होती, तापाने. मी उशाशी बसले होते. तिने डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं पाणी हवंय.

"त्या किशोरने परत चालू केलं का गं गॅरेज?"

"नाही आत्या. तिथे आता केकचं दुकान आहे."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि कूस बदलून शांत झोपली. त्या झोपेतून ती उठली नाही.