लाल पट्टीची गोळी आणि खडीसाखर

मंडळी, आज दुकानात अण्णांची, माझ्या वडिलांची, लई आठवण आली.

राजुरीत माझं मेडिकल आहे. सकाळी बोरीची एक ताई आली. "भाऊ, दारू सोडवायची गोळी द्या. मालकांना न कळता आमटीत टाकते."

मी पाकिटावरची लाल पट्टी दाखवली. "ताई, ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाय. नकळत दिली आणि वरून ते प्यायले, तर जिवावर बेतंल. त्यांनाच डॉक्टरांकडं न्या."

"येतील व्हय ते?" म्हणत ती गेली.

आमचे अण्णा गेले होते डॉक्टरांकडं, स्वतःहून. त्यांना हीच गोळी होती. रोज चहाआधी ते तळहात पुढं करायचे. आई त्यावर गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. पुढं डॉक्टरांनी गोळी बंद केली, तरी अण्णांचा तळहात रोज पुढं यायचाच. मग आई त्यावर खडीसाखर ठेवायची.

संध्याकाळी ताई परत आली, मालकांना घेऊन. चिठ्ठी त्यांच्याच हातात होती. मी गोळ्या दिल्या आणि सोबत खडीसाखरेची पुडी.

"ही कशाला, भाऊ?"

मी म्हटलं, "ठेवा. गोळी बंद झाल्यावर लागंल."