थोरलीच्या आवडीची काडतुसं

जावयाचं कोपर लागलं, ट्रे कलंडला आणि पाच वाट्यांतली पाच जातींची काडतुसं दवाखानाभर सांडली.

खुर्चीत तेव्हा एक पेशंट आडवा होता. अर्ध्या तोंडाला भूल, गालात कापसाचा बोळा, जबडा सताड उघडा. एक काडतूस टणकन उडून त्याच्या पोटावर आलं, शर्टाच्या बटणाला टेकलं आणि तिथेच विसावलं. पेशंटने आधी काडतुसाकडे पाहिलं, मग दातांच्या डॉक्टरांकडे. दाढ काढायचे इतके प्रकार असतील, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "ती उद्यासाठी आहेत."

त्याने पेशंटला बरं वाटायच्या ऐवजी घाम फुटला.

हे लिहिणारा इसम म्हणजेच तो जावई. पण गोष्ट त्याची नाही, त्याच्या सासऱ्यांची, म्हणजे या डॉक्टरांची आहे. तेव्हा त्याने इथून पुढे भिंतीला चिकटून, हाताची घडी घालून उभं राहावं हे बरं. डॉक्टरांनीही त्याला तेच सांगितलं होतं, फक्त जरा मोठ्या आवाजात.

डॉक्टरांना आयुष्यात दोनच व्यसनं, काटकसर आणि नेमबाजी. दोन्ही एकाच घरात नांदवणं म्हणजे दोन सवती नांदवण्यासारखं. टूथपेस्टची नळी संपली की ते ती कात्रीने उभी चिरून आतून पुसून घेत आणि पेशंटलाही तसंच करायला सांगत. रायफल मात्र त्यांनी ऐन तरुणपणी, लग्नाच्याही आधी घेतली होती. परवाना पदवीच्या शेजारी फ्रेम करून टांगलेला. घरात रायफलीला 'थोरली' म्हणत, कारण ती मुलीच्या आधी घरात आली. मुलगी, म्हणजे जावयाची बायको, आपोआपच 'धाकटी' झाली. "थोरलीला रोज तेलपाणी व्हायचं आणि माझी वेणी घालायला कुणाला वेळ नसायचा," हे ती अजूनही ऐकवते.

थोरलीची खोड एकच. तिला कुठलं काडतूस मानवेल, हे तिचं तिलाच ठाऊक. एकाच माळेचे मणी वाटावेत अशा दोन रायफली शेजारी ठेवल्या तरी एकीला जे गोड लागेल ते दुसरी थुंकून टाकेल. म्हणून आधी चाखवून बघावं लागतं. नळी वाळूच्या पिशवीवर टेकवायची, एका जातीची पाच काडतुसं एकाच ठिपक्यावर झाडायची आणि भोकांचा घोळका केवढा पडतो ते बघायचं. मग दुसरी जात. मधे दोन-चार काडतुसं नुसती वाया घालवायची, कारण आधीच्या जातीचं मेण नळीत चिकटलेलं असतं आणि पुढच्या जातीशी जमवून घ्यायला तिला वेळ लागतो. ही वायफळ काडतुसं झाडताना डॉक्टरांचा चेहरा असा होई, की दाढ त्यांचीच उपटली जातेय.

"महागातली एक डबी घ्या ना सरळ," डॉक्टरीणबाई म्हणत. "नाहीतर तुमचं ते चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"बंदुकीला किंमत वाचता येत नाही," डॉक्टर म्हणत.

हे वाक्य खरं तर विहीणबाईंना होतं. विहीणबाई म्हणजे जावयाची आई, निवृत्त मुख्याध्यापिका. डॉक्टरांच्याच नेमबाजीच्या क्लबात त्याही नेम धरत. त्या गोळी झाडत नसत, शेरा मारत. काळ्या डबीतली परदेशी काडतुसं वापरत आणि एकेक अशी काढत, जणू बक्षीस समारंभात पदक देताहेत. "डॉक्टर, स्वस्तात सगळं मिळतं, नेम मिळत नाही," एवढं एकदा म्हणून ठेवलं होतं त्यांनी. ते डॉक्टरांच्या मनात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं.

यंदा त्यात नात, म्हणजे धाकटीची मुलगी, आली. मोठ्या सुट्टीत नात कोणाकडे राहणार यावरून दोन्ही घरांत इतकी ओढाताण झाली, की धाकटीने वैतागून तोडगा काढला. "क्लबच्या सामन्यात जो पुढे राहील, त्याच्याकडे अख्खी सुट्टी. आणि नंतर मला फोन करून रडायचं नाही."

गेल्या वर्षी नात विहीणबाईंकडे होती. डॉक्टरीणबाईंनी त्या सुट्टीत तिच्या बाहुलीला दोनदा आंघोळ घातली होती. यंदा हरून चालणार नव्हतं.

म्हणून डॉक्टर हंगामभर स्वस्तातल्या पाच जाती घेऊन थोरलीच्या नाकदुऱ्या काढत बसले. लाल खोक्यातली काडतुसं पंगत उठल्यावर माणसं पांगावीत तशी पांगत. हिरवी सरळ जात जात अचानक एखादी खाली बसे. पांढरी नळीत जायलाच कुरकुरत. पिवळी मात्र अशी एका जागी लागत, की पाचही भोकांवर सदऱ्याचं बटण ठेवलं तर झाकली जावीत. पण दर डबीत एखादी मुकी निघे. चाप ओढला की नुसतं 'टिच', पुढे काही नाही. निळ्यांचा घोळका जरा मोठा, कोटाच्या बटणाएवढा, पण मुकी एकही नाही.

"सामन्याला निळीच," डॉक्टरांनी निकाल दिला. "लग्नाला नवरा देखणा नसला तरी चालतो, वेळेवर आला पाहिजे."

जावयाने मान खाली घातली. तो स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला होता.

तर ती पाच जातींची काडतुसं त्या संध्याकाळी वाट्यांत का होती? डॉक्टर दातावरच्या टोपीची जाडी मोजायच्या चिमट्याने प्रत्येक निळ्या काडतुसाची कड मोजत होते. सारख्या कडेची निळी सामन्याला आणि बाकीच्या जाती नुसत्या तुलनेला, शास्त्र म्हणून. पेशंटची दाढ बधिर होईपर्यंत तेवढाच वेळ कारणी. आणि तेवढ्यात कोपर.

लाल, हिरवी, पांढरी बुडावरच्या अक्षरांवरून वेगळी करता आली. गोची झाली पिवळ्या-निळ्यांची. रंग काय ते खोक्यांना, काडतुसं दोन्ही एकाच कारखान्याची, बुडावर एकच अक्षर. दुकान बंद झालेलं आणि सामना सकाळी.

"तुमच्या आईंनी पाठवलं होतं का तुम्हाला?" डॉक्टरांनी जावयाला विचारलं.

"नाही हो, मी दाढ दाखवायला आलो होतो."

"दाखवू नका."

डॉक्टरीणबाई वरून खाली आल्या, पदर खोचून जमिनीवर बसल्या आणि बोटांत एक काडतूस फिरवून म्हणाल्या, "ही मेणचट आहे. ही कोरडी."

डॉक्टरांचे डोळे चमकले. निळ्यांना मेण जास्त असतं! मग काय, दवाखान्यात तांदूळ निवडायला बसावं तशी बैठक बसली. डॉक्टरीणबाई, डॉक्टर, आणि खुर्चीतून उतरलेला पेशंटसुद्धा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण माणसाला निवडणं दिसलं की हात शिवशिवतात. "फ्हेणच्छट," तो बोळ्यातून म्हणे आणि एकेक निळ्यांकडे सरकवे. जावयाला मात्र हात लावू दिला नाही. त्याने दिवा धरला.

निवडून झाल्यावर डॉक्टरांनी सामन्यापुरती निळी मोजून डबीत भरली. वर एकही नाही. "जास्तीची कशाला मिरवायची?" म्हणाले, आणि पेशंटची दाढ काढली. पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या आयुष्यातलं दुसरं आश्चर्य. पहिलं थोरली.

सकाळी डॉक्टर आणि विहीणबाई शेजारीशेजारी चटईवर पालथे पडले. विहीणबाईंचा निशाणाचा कागद लवकर भरला आणि त्या चष्मा पुसत बसल्या. डॉक्टर हळूहळू, एकेक दात तपासावा तसे मारत गेले. थोरली खुशीत होती. शेवटचं काडतूस राहिलं तेव्हा दुर्बिणीतून हिशोब स्पष्ट दिसत होता. मधल्या ठिपक्यात लागली तर नात डॉक्टरांची, नाहीतर विहीणबाईंची.

डॉक्टरांनी श्वास धरला. चाप ओढला.

टिच.

कुणाचं तरी तेलकट बोट लागून मेणचट वाटलेली एक पिवळी निळ्यांत शिरली होती. डॉक्टरांनी नळी हलवली नाही, हात वर केला. देखरेखीवरचा माणूस आला, ठरलेला वेळ तसंच थांबायला लावलं, मग रायफल उघडायला लावली. मुकं काडतूस बाहेर पडलं.

"दुसरं भरा," तो म्हणाला. "वेळ संपत आलाय."

दुसरं होतं कुठे?

शेजारून एक हात पुढे आला. तळव्यावर काळ्या डबीतलं एक काडतूस, झळझळीत.

"घ्या डॉक्टर," विहीणबाई म्हणाल्या. "संकोच करू नका."

मनात काही पाप नव्हतं त्यांच्या. पण डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे पुढचं अख्खं आयुष्य उभं राहिलं. थोरलीने हा घास कधी चाखलेला नाही, पहिल्या घासाला ती नक्की तोंड वाकडं करणार. आणि समजा नाही केलं, समजा लागलीच मधोमध, तर प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला, 'आमच्या काडतुसावर जिंकलात हो डॉक्टर' हे ऐकायचं. शिवाय, आणि हे त्यांना सगळ्यात जड गेलं असतं, विकत घेतलेलं एक काडतूस फुकट जाणार होतं.

"तेच द्या परत," ते देखरेखवाल्याला म्हणाले.

"मुकं आहे ते."

"मुकं नाही. एका बाजूने चावत नाहीये. दुसऱ्या बाजूने चावेल."

चाप ओढल्यावर काडतुसाच्या कडेवर जी पिन आपटते, तिचा आधीचा ठसा तिथे होता. डॉक्टरांनी ते अर्धा वळसा फिरवून भरलं, म्हणजे पिनेला कोरी जागा मिळेल. देखरेखवाल्याने नियम आठवून पाहिले, आडवा येणारा एकही सापडला नाही, आणि त्याने मान हलवली. जावयाने भिंतीशी हाताची घडी आणखी घट्ट केली.

ठ्ठाप!

पिवळीच ती. बोलली तर मुद्द्याचंच बोलणार. ठिपका मधोमध फुटला.

विहीणबाईंनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग काळं काडतूस नीट डबीत परत ठेवलं. "समाधानकारक," त्या म्हणाल्या. डबी बंद करत म्हणाल्या, "ती झोपताना गोष्ट मागते. तीच तीच मागते. कंटाळू नका."

"रविवारी तुम्हीच येऊन सांगा की," डॉक्टर म्हणाले, आणि बोलून गेल्यावर स्वतःच दचकले.

डॉक्टरीणबाई खोली झाडायला घरी पळाल्या. डॉक्टर थोरलीची नळी पुसत बसले. तेव्हा कुठे जावई भिंत सोडून पुढे आला. त्याला मघापासून एक गोष्ट बोलायची होती, आणि आता ती बोलायला मुहूर्त चांगला दिसत होता.

"बाबा, एक विचारू? निळ्यांचा घोळका मोठा. शेवटची निळी असती तर ठिपका चुकलाही असता. पिवळी आत आली म्हणून तुम्ही जिंकलात. आणि पिवळी आली माझ्या कोपरामुळे. म्हणजे बघा, नात तुमच्याकडे येतेय ती एका अर्थी…"

डॉक्टरांनी चिंधीची घडी घातली, ती पुन्हा वापरता येईल अशा बेताने खिशात ठेवली आणि वर पाहिलं.

"तिला सोडायला या जावईबापू, पण कोपरं घरी ठेवून या."