भाऊंच्या मिक्सरवरच्या पट्ट्या

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, सकाळचे साडेदहा, सुदामभाऊंच्या सिडकोतल्या घराची गच्चीवरची खोली. हजर चौघं, म्हणजे आमचा सगळा बँड: सुदामभाऊ, गाणाऱ्या रंजनाताई, ढोलकीवाला संजय आणि कीबोर्ड वाजवणारा मी. रक्कम साडेतीन हजार. दर कार्यक्रमाला एवढे देऊन बाहेरचा साउंड इंजिनिअर लावायचा की नाही, हे ठरवायचं होतं. मी आकडे मांडले आणि नाही असं ठरलं. भाऊंना जाऊन आता सहा आठवडे झाले. झोपेतच गेले, हृदय बंद पडलं. त्या बैठकीचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मला कळतं. तरी भाऊ आठवले की आधी तीच सकाळ समोर येते...

बावीस वर्षं आम्ही भाऊंच्या कानावर चाललो. आम्ही स्टेजवर, ते समोर आवाज जुळवायच्या मिक्सरपाशी. कार्यक्रम सुरू होण्याआधी ते रंजनाताईंना एक ओळ गायला सांगायचे, चालत शेवटच्या रांगेपर्यंत जायचे, तिथं डोळे मिटून उभे राहायचे आणि परत येऊन एखादं बटण केसभर फिरवायचे. "शेवटच्या खुर्चीवरच्या म्हातारीला शब्द कळला पाहिजे," म्हणायचे. गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्यांचं ते चालत जाणं बंद झालं. त्याऐवजी मिक्सरच्या प्रत्येक बटणाशेजारी त्यांनी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनानं बारीक रेघ मारली. बटण रेघेला लावायचं की झालं. मला ते फार आवडलं. इतका नेमकेपणा आमच्यात कुणाकडे नाही, असं मी चारचौघांत सांगायचो.

इंजिनिअरचा विषय त्या दिवशी भाऊंनीच काढला. रोशन गेटजवळ साउंडचं दुकान असलेल्या इक्बालभाईंशी ते परस्पर बोलूनही आले होते. मी म्हणालो, "भाऊ, एप्रिलमधे जयंतीचे अकरा कार्यक्रम. अकरा गुणिले साडेतीन, साडेअडतीस हजार. माणशी नऊ हजार सहाशे पंचवीस. खुर्चीत बसून बटणं फिरवायचे एवढे?"

"मंग मी बावीस वर्षं काय करायलो?" भाऊ हसले. संजय म्हणाला, "तुम्ही फुकटात करता ना भाऊ, म्हणून तर बँड टिकला!" सगळे हसलो. मग भाऊ म्हणाले, "मनोहर, माझ्या वाट्यातून काप. पण माणूस लाव."

"एकाच्याच वाट्यातून कापलं तर वाटणी कसली?" मी म्हणालो आणि वही मिटली. हा माणूस दहा रुपयांसाठी रिक्षावाल्याशी चौकभर भांडायचा. तो स्वतःच्या वाट्याचे पैसे का सोडतोय, हे मी विचारायला हवं होतं. रंजनाताई तेवढ्या म्हणाल्या, "भाऊ थकले असतील." तेही तिथंच राहिलं.

एप्रिलमधे पैठणच्या कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याला माईक शिटी मारायला लागला. कान फुटतील अशी बारीक, लांब शिटी. पुढच्या बायांनी कानावर हात ठेवले, मागून कुणीतरी ओरडलं, "आवो, बाईचा आवाज तर येऊ द्या!" आम्ही सगळे भाऊंकडे बघतोय आणि भाऊ मान डोलावत ठेका धरून बसलेले, बोट रेघेवर. शेवटी संजय ढोलकी सोडून खाली उतरला आणि त्यानं बटण फिरवलं. नंतर सामान भरताना मी सगळ्यांसमोर बोललो, "भाऊ, कान कुठं ठेवले होते?"

"घरीच राहिले बघ," भाऊ म्हणाले आणि वायर गुंडाळत राहिले. तेव्हाही सगळे हसलो. त्यानंतर दोन आठवड्यांनी ते गेले.

मिक्सर आणायला भाऊंच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी चहा दिला आणि सहज म्हणाल्या, "उजवा कान तर दोन वर्षांपासून पारच गेला व्हता. डाव्यानं बी बारीक आवाज ऐकू येत नव्हता. डॉक्टरनं मशीन सांगितलं, पण स्टेजसमोर मशीन लावून बसू का म्हणले... तुमाला नाय सांगितलं?" मी नाही म्हणालो. कप खाली ठेवला तेव्हा समोर मिक्सरवरच्या त्या रेघा दिसत होत्या. ज्याला मी नेमकेपणा म्हणत होतो, तो डोळ्यांनी ऐकणाऱ्या माणसाचा आधार होता. आणि मैदान बदललं, हॉल बदलला की तो आधारही कामाचा नव्हता, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर ते दुसरा कान मागत होते.

गेल्या रविवारी खुलताबादला लग्नाचा कार्यक्रम झाला. तो भाऊंनीच घेतलेला. मी इक्बालभाईंना बोलावलं. त्यांनी मिक्सर उघडला, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. "ये निकालूं क्या, मनोहरभाई?"

"राहू द्या."

"अच्छा. मैं बाजू से काम करता." त्यांनी रंजनाताईंना एक ओळ गायला लावली, उठून शेवटच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि तिथं उभे राहिले. रंजनाताई मधेच थांबल्या... मग पुन्हा गायल्या.

मिळाले सोळा हजार. वाटे नेहमीसारखे चारच केले. चार हजार रंजनाताईंना, चार हजार संजयला, चार हजार वहिनींच्या हातात. साडेतीन हजार इक्बालभाईंना, माझ्या वाट्यातून. मला पाचशे उरले. एवढ्यावर भाऊ यायला तयार होते. फेब्रुवारीत मी बाकी सगळे आकडे मांडले, हा मांडला नव्हता.